लाउतारो लॉज आणि होसे दे सान मार्तिन

लाउतारो लॉज (लॉज म्हणजे शपथबद्ध सदस्यांचे मंडळ) ही दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातील एक गुप्त राजकीय संघटना. अर्जेंटिनाचा सेनानी होसे दे सान मार्तिन (१७७८–१८५०) याचा राजकीय उदय आणि त्याची अँडीजपारची मोहीम या दोन्हींमागे तिचे पाठबळ होते.

स्पॅनिश सैन्यातील वीस वर्षांहून अधिक काळाची नोकरी सोडून सान मार्तिन १८११ मध्ये लंडनला गेला. मार्च १८१२ मध्ये कार्लोस दे आल्वेआर व इतर अधिकाऱ्यांसह तो ब्वेनस आयरिसला उतरला. तिथे त्याला ना गोतावळा होता, ना पाठीराखे. ही उणीव लॉजने भरून काढली. सोळाव्या शतकात स्पॅनिशांशी झुंजलेल्या लाउतारो या मापुचे योद्ध्याचे नाव तिला देण्यात आले. ८ ऑक्टोबर १८१२ रोजी लॉजच्या मंडळींनी सैन्य चौकात उभे करून सत्तेवरचे त्रिमंडळ (तिघांचे सरकार) पाडले.

लॉजच्या घटनेची प्रत पुढे चिलीचा नेता बेर्नार्दो ओ'हिगिन्स याच्या कागदपत्रांत सापडली. तिच्यातील एक कलम फार बोलके आहे: बंधूंपैकी (सदस्यांपैकी) कोणी राज्याचा प्रमुख झाला, तर लॉजचे मत घेतल्याखेरीज त्याने कोणताही महत्त्वाचा निर्णय घेऊ नये. म्हणजे खरे सरकार पडद्यामागे. हे धोक्याचेही होते. लॉजमधल्याच आल्वेआरने सत्ता हाती येताच १८१५ मध्ये सान मार्तिनला अँडीजच्या पायथ्याच्या कूयो प्रांताच्या गव्हर्नरपदावरून हटवू पाहिले. तेथील राजधानी मेंदोसाच्या लोकांनीच ते होऊ दिले नाही. याउलट १८१६ नंतर लॉजशी जोडलेला पुएर्रेदोन ब्वेनस आयरिसच्या सरकारच्या प्रमुखपदी असल्यामुळे मोहिमेला पैसा, माणसे आणि शस्त्रे मिळाली. १८१७ मध्ये सान मार्तिनने अँडीज ओलांडून चिलीतील चाकाबुकोची लढाई जिंकली, आणि सँटियागोतही लॉज सुरू झाली.

मायदेशातील यादवी मोडण्यासाठी सैन्य परत आणण्याचा हुकूम मात्र त्याने मानला नाही. १८२० मध्ये ब्वेनस आयरिसचे सरकार कोसळले, तशी तेथील लॉजही विस्कटली.

ही फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेची) लॉज होती का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. शपथ, पायऱ्या, 'बंधू' हे संबोधन फ्रीमेसनरीचेच. उद्दिष्ट मात्र निव्वळ राजकीय, म्हणून तिला फ्रीमेसनांचा साचा उचललेली क्रांतिकारी संघटना म्हणणे अधिक योग्य. सान मार्तिन स्वतः फ्रीमेसन होता असे मानणारे ब्रसेल्सच्या 'ला पार्फेत आमितिए' लॉजने १८२५ मध्ये त्याच्या सन्मानार्थ पाडलेल्या पदकाकडे बोट दाखवतात. त्याने स्वतः मौन सोडले नाही. आठवणींसाठी माहिती विचारणाऱ्या, त्याच्या हाताखाली लढलेल्या इंग्रज जनरल मिलरला १८२७ मध्ये त्याने कळवले, की ब्वेनस आयरिसच्या लॉजविषयी काहीही लिहू नये. ती पूर्णपणे खाजगी बाब आहे.