युद्धानंतर आरोग्य व्यवस्था उभी करणं

युद्ध, यादवी किंवा सरकारच कोलमडल्यामुळं खिळखिळ्या झालेल्या देशात दवाखाने, माणसं, औषधं, पैसा आणि नोंदी हे सगळं परत जुळवायचं आणि तो गाडा त्या देशाच्या स्वतःच्या ताकदीवर चालता करायचा, या कामाला आरोग्य व्यवस्था बळकटीकरण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये व्यवस्थेचे सहा भाग सांगितले: सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधं-लशी, पैसा आणि कारभार. कागदावर सहा वेगळे दिसतात, पण नर्सचा पगार थांबला की ती दुसरीकडं जाते, ती गेली की लसीकरण थांबतं, लसीकरण थांबलं की नोंदी थांबतात आणि मग वर बसलेल्यांना साथ आलीय हे पण कळत नाही.

कोल्हापूरकरांना हे समजायला लांब जायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली. पाणी उतरल्यावर शिरोळकडच्या एका आरोग्य केंद्रात गेलो होतो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, लशीचा फ्रिज आडवा पडलेला, आणि सिस्टर लसीकरणाचं रजिस्टर पान पान सुटं करून कट्ट्यावर वाळत घालत होत्या, शाई सगळी पसरलेली, कुठल्या बाळाला कुठला डोस झालाय हे शेजारी बसलेल्या आशाताईंना विचारून नव्या वहीत उतरवत होत्या. हे जमलं कारण सिस्टर जागेवर होत्या, आशाताई त्याच गावच्या होत्या, पगार चालू होता आणि जिल्ह्यावरनं नवी लस येणार होती. युद्ध झालेल्या देशात नेमकं हेच चारी आधार जातात. इमारत तर सगळ्यात सोपी गोष्ट आहे, ती सहा महिन्यांत बांधून होते.

सुरुवातीला बाहेरच्या संस्था येतात, तंबू ठोकतात, जीव वाचवतात, आणि ते लागतंच. अडचण पुढं होते. प्रत्येक देणगीदाराचा आपला वेगळा प्रोग्रॅम, वेगळं औषधांचं गोडाऊन, वेगळा रिपोर्ट, आणि सरकारी पगाराच्या कितीतरी पट पगार, त्यामुळं देशातले उरलेसुरले डॉक्टर, नर्सा तिकडं ओढले जातात आणि सरकारी दवाखाना ओस पडतो. म्हणून आता पैसा एका सामाईक फंडात टाकायचा आणि सरकारच्या एकाच आराखड्यातनं खर्च करायचा यावर भर असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी २००३ ला संपली, त्यानंतर तिथं असा फंड झाला.

तरी पण वेळ पुरला नाही. २०१४ ला इबोला या जीवघेण्या तापाची साथ आली तेव्हा ४० लाखांवर लोकसंख्येच्या लायबेरियात डॉक्टर जेमतेम पन्नासेक होते. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन मिळून २८,००० वर लोकांना लागण झाली आणि ११,००० वर माणसं गेली, त्यात आरोग्य कर्मचारी खूप होते. हातमोजे नाहीत, लॅब नाही आणि लोकांचा दवाखान्यावर विश्वास नाही, म्हणून पेशंट घरातच लपवले गेले. विश्वास हा सातवा भागच म्हणायला पाहिजे, असं मला वाटतं.

सिएरा लिओननं त्याआधी २०१० मध्ये गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांना उपचार फुकट केले होते. त्यातला शहाणपणाचा भाग असा, की घोषणेबरोबर पगारपत्रकातली खोटी नावं काढली आणि खऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले, नाहीतर सरकारनं फुकट म्हणायचं आणि खाली टेबलाखालनं पैसे मागायचे, हे चालूच राहिलं असतं.

रवांडाचं उदाहरण सगळ्यात जास्त दिलं जातं. १९९४ च्या नरसंहारात काही लाख माणसं मारली गेली, डॉक्टर-नर्सा मेल्या किंवा पळाल्या. १९९९ ला तीन जिल्ह्यांत सामुदायिक आरोग्य विमा करून बघितला, मग देशभर नेला. गावानं आपल्यातनंच निवडलेले हजारो आरोग्य स्वयंसेवक उभे राहिले, अगदी आपल्या आशाताईंसारखे. पण तिथं सरकारची पकड घट्ट होती, ती सगळ्या देशांत नसते, म्हणून तो नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही.

लढाई चालू असताना पण काम थांबवायचं नसतं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये यादवी चालू असताना १९८५ ला सरकार आणि बंडखोर दोन्ही बाजूंनी तीन रविवार बंदुका खाली ठेवल्या आणि पोरांना लशी दिल्या. दवाखान्यांवर हल्ले नकोत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं २०१६ मध्ये २२८६ क्रमांकाचा ठराव केला, हल्ले मात्र थांबलेले नाहीत.

अफगाणिस्तानात २००३ पासून मूलभूत सेवांचं एक पॅकेज ठरवलं, दवाखाने संस्थांना करारानं चालवायला दिले आणि मंत्रालयानं देखरेख ठेवली. खेड्यातल्या पोरी निवडून त्यांना सुईणीचं शिक्षण द्यायचं आणि परत त्यांच्याच गावात कामाला लावायचं, हे त्यातलं सगळ्यात भारी काम. बाई पुरुष डॉक्टरकडं जाणार नाही तिथं तर दुसरा मार्गच नव्हता. पण यातला जवळजवळ सगळा पैसा बाहेरचा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं, देणगीदारांनी हात आखडता घेतला आणि पगार थटले. रेड क्रॉसनं काही मोठ्या हॉस्पिटलांचे पगार दिले, २०२३ ला ते पण संपलं. डिसेंबर २०२४ मध्ये मुलींना नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षण घ्यायलाच बंदी आली. आधी शिकलेल्या सुईणी अजून बाळंतपणं करतायत, पण त्यांच्या हाताखाली शिकायला नवीन पोरगी नाही.