मॉडिफाय गाडीतला मजबूत इग्निशन स्विच : पार्श्वभूमी

नागपुरात हौसेने बांधलेल्या जीप आणि जिप्सींच्या डॅशबोर्डवर हल्ली एक जाडजूड इग्निशन स्विच दिसतो. तोंड कडक पोलादाचं, आत फिरत्या चकत्यांची (डिस्क) किंवा बाजूच्या अडसराची (साइडबार) रचना, आणि चाबी अशी की फुटपाथवरच्या चाबीवाल्याने कितीही कानस घासली तरी दुसरी निघायची नाही. असा स्विच बसवावा की नाही, यापेक्षा वाद आहे तो बसवताना जुन्यातलं काय काढायचं यावर. त्याची मुळं चाबीकडे एकेक काम कसं येत गेलं, यात आहेत.

सुरुवातीला चाबीचं काम एवढंच होतं : ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला करंट द्यायचा किंवा तोडायचा. 1912 मध्ये कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ आला, पण पुढे कित्येक वर्षं बहुतेक गाड्यांत सेल्फचं बटण चाबीपासून वेगळंच राहिलं. चाबी फिरवली की सेल्फही लागेल, ही सोय क्रायसलर गाड्यांनी 1949 मध्ये आणली. स्टिअरिंग जखडण्याचं काम त्याहून उशिरा जोडलं गेलं. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये ते सक्तीचं केलं, अमेरिकेत 1970 पासून चोरीविरोधी नियम लागू झाला. करंटची परवानगी, सेल्फ आणि स्टिअरिंग अशी तिन्ही कामं एकाच कुलपात आली ती अशी.

नागपूरच्या हौशी लोकांची जीप मात्र ही तिन्ही कामं एकत्र येण्याच्या आधीची. युद्धकाळातल्या सुरुवातीच्या जीपना चाबी होती, पुढे ती काढून साधा फिरवायचा खटका दिला गेला. आघाडीवर चाबी हरवली म्हणून गाडी अडून राहणं परवडणारं नव्हतं. नंतरच्या नागरी जीपला चाबी परत मिळाली, पण सेल्फ पायाखालीच राहिला. कामठीची छावणी शेजारी असल्याने लष्करी लिलावातली जीप इथे कुणाला नवलाची नव्हती. अशी गाडी ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे दोन वायरींचा खेळ, हे मालकालाही ठाऊक असे आणि चोरालाही. त्यामुळे जुने लोक कुलपावर फारसे विसंबत नसत. कुणी डिस्ट्रिब्युटरचा रोटर (प्लगांना ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) काढून खिशात ठेवी, कुणी बॅटरीला मेन स्विच लावी. आजच्या चकचकीत कुलपांपुढे या युक्त्या गावठी वाटतात, पण त्या काम करत.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि कॉलमवरचं, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचं, कुलूप घरोघरी पोहोचलं. चाबी काढून चाक जरा फिरवलं की खुंटी आत बसते, ही सवय तेव्हाची. ते कुलूप वेफरचं, म्हणजे आत पातळ पात्या असलेलं. पितळी पाती झिजली की मूळ चाबी अडायची आणि शेजारच्याची चालायची, असे किस्से नव्वदच्या दशकात सर्रास ऐकू येत. बाहेरून बसवायचे गिअर लॉक त्या काळात खपले ते उगाच नाही. पुढे जिप्सी, मारुती, बोलेरोचे कॉलम कबाड्याकडून घेऊन जीपमध्ये चढवायची पद्धत पडली, आणि कॉलमसोबत त्याचं झिजलेलं कुलूपही गाडीत आलं.

वाद इथूनच सुरू होतो. नवा मजबूत स्विच डॅशबोर्डवर बसवला तर कॉलमवरच्या कुलपाचं करायचं काय?

एक पक्ष म्हणतो, ते तसंच राहू द्या. मागच्या बाजूचा प्लास्टिकचा विजेचा तुकडा काढा, वायरी नव्या स्विचकडे न्या, आणि स्टिअरिंगसाठी जुनी चाबी वापरा. गाडीला दोन चाब्या होतील, होऊ द्या. आक्षेप गंभीर आहे. मूळ रचनेत इंजिन चालू असताना चाबी बाहेर येत नाही आणि चाबी आत असेतो खुंटी सुटत नाही. ही साखळी तुटली की जुनी चाबी कुणी चालत्या गाडीत काढली, मुलाने खेळता खेळता ओढली, तर वळणावर चाक जखडू शकतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर झिजलेली चाबी हलून आपोआप निघण्याची भीतीही बोलून दाखवली जाते.

दुसरा पक्ष सगळं कुलूपच उतरवतो. ते सोपं नसतं, कारण ते ज्या बोल्टांनी आवळलेलं असतं त्यांची डोकी कारखान्यातच मुद्दाम तोडलेली असतात. छिन्नी मारून किंवा ड्रिल करून ते बोल्ट काढावे लागतात. एवढं केलं की भीती संपते, पण स्टिअरिंगही मोकळं होतं. डॅशबोर्डवर कितीही भारी कुलूप असो, मागच्या वायरी हाताला लागल्या की गाडी चालवत नेता येते. पैसे मोजून कुलूप वाढवलं आणि राखण मात्र कमी झाली, असा हा हिशेब. तिसरी वाट, म्हणजे जुन्याच साच्यात नवं सिलिंडर बसवायचं, क्वचितच जमते. लेथवर मापं जुळवली तरी साचा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, चाकाला जोराचा हिसका दिला की तडकणारा.

कुलूप उतरवणारे सुरक्षेचं जे कारण देतात ते खरं आहे, पण बऱ्याचदा तो नंतर सुचलेला खुलासा असतो. खरं कारण डॅशबोर्डचा देखणेपणा. खुंटी काढायचीच असेल तर तिचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागतं, आणि इथे नव्वदच्या दशकातला गिअर लॉक पुन्हा उपयोगी पडतो. चालत्या गाडीत तो आपोआप लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

डिझेल जीपची गोष्ट आणखी अवघड. ऐंशीच्या दशकात जीपमध्ये प्यूजो घराण्यातलं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन आलं, आणि नंतर पेट्रोलच्या असंख्य जीप डिझेलवर गेल्या. पूर्ण मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. ते चाबीने बंद होत नाही, स्टॉपची केबल ओढावी लागते. चाबी नसली तरी दोघांनी धक्का दिला की सुरू होतं. अशा गाडीत हजारो रुपयांचं कुलूप म्हणजे भिंत नसलेल्या घराचा दरवाजा. डिझेलची वाट अडवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बसवून तो चाबीच्या करंटवर घेतला, तरच कुलपाला अर्थ येतो.

पुढच्या काळात परदेशात भर कुलपावरून चाबीवर सरकला. 1986 च्या कॉर्व्हेटच्या चाबीत रेझिस्टरची गोळी आली, 15 वेगवेगळ्या मूल्यांपैकी एक. 1998 पासून युरोपातल्या नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चाबीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन पेटत नाही. मारुतीच्या गाड्यांत हीच सोय ‘आयकॅट्स’ नावाने आली. पण इंजिन बदलणाऱ्यांनी तिला सर्वात आधी रजा दिली. दुसऱ्या गाडीचं इंजिन जीपमध्ये चालावं म्हणून ईसीयूतली (इंजिनाच्या संगणकातली) ती अट बायपास केली जाते. इलेक्ट्रॉनिक पहारा गेल्यावर उरतं ते सिलिंडर, आणि जुन्या धाटणीच्या भक्कम कुलपांना नव्याने बांधलेल्या गाड्यांमध्ये मागणी येण्याचं हे मुख्य कारण आहे.

2014 मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या उत्पादकाला सुमारे 26 लाख छोट्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्विचचा खाचा इतका हलका होता की जड जुडग्याने किंवा धक्क्याने चाबी मागे सरकून इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होई. भरपाईच्या प्रक्रियेत 124 मृत्यू ग्राह्य धरले गेले. कुलूप न फुटणं आणि स्विच जागेवर टिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा साऱ्यांना दिसलं. इथे कधी कधी कारखान्यातल्या विजेच्या पॅनेलचे चाबी-स्विच आणून लावले जातात. त्यांतल्या काहींची चाबी चालू स्थितीतही निघते, आणि सेल्फसाठी स्प्रिंगने परत येणारी जागा नसते. मग सेल्फला वेगळं बटण लागतं, म्हणजे फिरून 1949 च्या आधीची व्यवस्था.

करंटचा मुद्दा थोडक्यात : 60 वॉटचे दोन हेडलाइटच 12 व्होल्टला 10 अँपिअर घेतात. असली कुलपं एवढा भार सोसायला बनलेली नसतात. रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारे स्विच) घातले की मुख्य स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलपुरता, अँपिअरच्या अंशाएवढा भार राहतो. उघड्या जीपमध्ये मे महिन्यातली 45 अंशांची उष्णता आणि धूळ यांचाही विचार हवा. कुलपात तेल सोडू नये, धूळ चिकटून त्याचा लगदा होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते.

कायद्याची बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या जानेवारीतल्या निकालानंतर कडक झाली. गाडी मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलापासून ढळू नये, असा त्याचा रोख होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मात्र बदल म्हणजे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला बदल असं स्पष्टीकरण आहे, आणि इग्निशन स्विचची नोंद आरसी बुकात नसते. बदललेलं इंजिन किंवा कापलेली बॉडी आरटीओत अडते, कुलूप नव्हे.

विम्यात ते अडू शकतं. चोरीच्या दाव्यात कंपन्या दोन्ही मूळ चाब्या मागतात. कुलूप बदललेलं असेल तर जुन्या चाब्या निरुपयोगी आणि नव्यांचा कागदोपत्री पत्ता नाही, अशी गत होते. म्हणून स्विचचं बिल, चाबीचं कोड कार्ड आणि विमा कंपनीला आधीच दिलेल्या पत्राची पोच जपावी लागते. मान्यताप्राप्त चोरीविरोधी उपकरणावर प्रीमियमच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात 2.5 टक्के, कमाल 500 रुपये सूट असते. बाजारातून आणलेल्या नुसत्या कुलपाला ती मिळत नाही.