मुळा-मुठेतले मासे कोणी मोजले?

पुण्याच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय यादी मोठ्यानं वाचून पाहा. स्पेराटा सिंघाला, मिस्टस सिंगटी, गारा मुल्ल्या, लॅबिओ पोटेल, टॉर खुदरी. पहिला शब्द परका वाटतो, दुसरा थेट भोयाच्या टोपलीतून उचललेला. शिंगाळा आणि शिंगटी ओळखायला कोश लागत नाही. मुल्ल्या म्हणजे ओढ्यातल्या दगडाला चिकटून बसणारा मळ्या. पोटेलमध्ये मला तरी गावचा पाटील दिसतो. नाकाडावर उंचवटा असलेल्या एका विचित्र माशाचं नाव नुक्टा आहे. चोचीवर उंचवटा असलेल्या बदकाला आपण नकटा म्हणतो, त्याच शब्दाचं हे भावंड असावं. ‘रोहटी’ हा तर माशांच्या एका पूर्ण गटाचाच शास्त्रीय शब्द होऊन बसला आहे.

ही नावं जगाच्या दप्तरात नेली विल्यम हेन्री साइक्स या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यानं. खडकी आणि पुण्याच्या लढायांत तो पेशव्यांविरुद्ध लढला होता. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी, 1824 मध्ये, मुंबई सरकारनं त्याला नव्या मुलखाची आकडेवारी गोळा करायला नेमलं. माणसं किती, जमीन कशी, पीक काय, मजुरी किती, पाऊस किती, असं सगळं. 1831 पर्यंत तो दख्खनभर फिरला, आणि कामाच्या जोडीनं पक्षी, प्राणी, मासे टिपत गेला. आज रानात पाहणी करणाऱ्याला आधी परवानगीचे कागद जमवावे लागतात. साइक्सला ती अडचण नव्हती, कारण सरकार तोच होता.

माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे आला आणि 1839 मध्ये छापून निघाला. सविस्तर, चित्रांसह आवृत्ती 1841 ची. नवी जात सापडली की एखाद्या लॉर्डचं नाव लावायचं, ही त्या काळची रीत. साइक्सनंही काही मासे ओळखीच्या विद्वानांना वाहिले, पण बहुतेकांना नदीकाठी ऐकलेलं नाव जसंच्या तसं, इंग्रजी कानाला जमेल तसं लावलं. सांगणाऱ्यांची नावं मात्र त्यानं लिहून ठेवली नाहीत. भोई होते की कोळी, भीमेवरचे की मुठेवरचे, काही कळायला मार्ग नाही. पुण्याच्या नद्यांमधले पहिले जाणकार तेच, आणि पहिल्याच निबंधातून तेच गळाले.

साइक्सनं मासा कुठे मिळाला तेही लिहिलं, आणि या एका सवयीमुळे त्याचा निबंध आजही उघडावा लागतो. खुदरी, म्हणजे दख्खनच्या नद्यांतला महासीर हा मोठा मासा, मिळाला ‘मोटा मोला’ नदीत, पुण्याच्या पूर्वेला 8 मैलांवर. मोटा मोला म्हणजे मुठा-मुळा. 8 मैल म्हणजे साधारण 13 किलोमीटर, आजच्या मांजरी-थेऊरच्या बाजूला. शास्त्रात एखाद्या जातीचं मूळ स्थान फार महत्त्वाचं असतं. पुढे कधी वाद झाला, ‘हा मासा तोच का?’ असा प्रश्न आला, की त्या जागी परत जाऊन नमुना आणायचा. महासीरच्या बाबतीत ती जागा आज पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणाऱ्या पट्ट्यात पडते. वाहतं, स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागणारा मासा, आणि त्याची जन्मनोंद जलपर्णीच्या गालिच्याखाली.

परत जाण्याची गरज यासाठीही पडते, की साइक्सनं गोळा केलेल्या बहुतेक मूळ नमुन्यांचा आज पत्ता नाही. उरली ती वर्णनं आणि चित्रं, आणि वर्णनं त्रोटक आहेत. म्हणून पुढची पावणेदोनशे वर्षं त्याच्या नावांवर वाद चालू राहिले.

त्यानंतरची काही दशकं भराभर सांगता येतील. फ्रान्सिस डे या शल्यवैद्यानं 1870 च्या दशकात भारतातल्या माशांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात दख्खनचे मासे आले. 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी मोठ्या नद्या बाजूला ठेवून मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांकडे मोर्चा वळवला. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या माशांवरची त्यांची टिपणं 1919 ची आहेत. ओढ्यातले मासे चवीला किंवा बाजाराला फारसे उपयोगाचे नसतात, बोटाएवढेही नसतात. पण धो धो पाण्यात दगडाला धरून राहण्यासाठी त्यांच्या अंगात ज्या युक्त्या आहेत, त्या पाहण्यासारख्या असतात. कुणाच्या ओठाखाली चिकटायची चकती, तर कुणाच्या छातीवर वळ्यावळ्यांची गादी.

या युक्त्यांनी मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांना आयुष्यभर पुरेल एवढं खाद्य दिलं. सह्याद्रीच्या ओढ्यांतले मासे पूर्व हिमालयातल्या आणि मलायातल्या माशांसारखे का दिसतात? मधल्या सपाट, संथ पाण्यात ते जगूच शकत नाहीत, मग आले कसे? होरांचं उत्तर होतं सातपुडा. कधीकाळी ही रांग सलग, उंच आणि ओली असावी, आणि तिच्यावरच्या ओढ्याओढ्यांतून मासे पश्चिमेला सरकत आले असावेत. नंतर भूशास्त्रानं आणि जनुकांच्या अभ्यासानं या मांडणीला बरेच धक्के दिले. पण प्रश्न खणखणीत होता आणि तो ओढ्यात गुडघाभर उभं राहूनच सुचण्यासारखा होता. होरांनी 1938 मध्ये वर्णन केलेल्या एका छोट्या मांजरमाशाच्या नावात पुणं आहे, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस.

होरांचं नाव एका माशालाही मिळालं, आणि ते दिलं मराठी माणसानं. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 मध्ये मुंबईकडच्या पाण्यातला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक मासा शास्त्रापुढे ठेवला. त्याला होराइक्थिस सेटनाय म्हटलं. पहिल्या शब्दात होरा, दुसऱ्यात मुंबई सरकारच्या मत्स्यविभागाचे सेटना. या माशाचा नर शुक्रपेशी सुट्या न सोडता त्यांची पुडी करून मादीला चिकटवतो. अशी तऱ्हा माशांमध्ये फारच विरळा. कुलकर्णींचं नाव पुढे महासीरच्या गोष्टीत पुन्हा येईल.

पुण्यापुरतं बोलायचं तर 1940 च्या दशकात फ्रेझर आणि सुटर यांच्या याद्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आल्या. 1963 मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर यांची यादी आली. पानशेत फुटून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. 2003 मध्ये पुण्यातल्या महाविद्यालयांतल्या अभ्यासकांनी मुळा-मुठेची आणि जिल्ह्यातल्या इतर पाण्याची पुन्हा पाहणी केली आणि जुन्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. पूर्वी नोंदलेले कितीतरी मासे आता मिळत नव्हते आणि पूर्वी नसलेले काही पाहुणे घरमालक झाले होते.

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘पूर्वी होता, आता नाही’ हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या यादीत मासा होता एवढंच कळतं. किती होता, कोणत्या ऋतूत, कोणत्या जाळ्यात, किती तास जाळं टाकून, हे कळत नाही. टोपलीतला मासा नेमका कुठल्या डोहातला, हे विकणारी सांगेल तेवढंच. त्यातून नावं बदललेली. एकाच माशाला दोघांनी दोन नावं दिलेली असतात, दोन वेगळ्या माशांना एकच नाव पडलेलं असतं. उजनीच्या पाण्यातून 1992 मध्ये भीमेच्या नावानं एक ‘नवी’ जात वर्णिली गेली, ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस. 2011 मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी मोजमापं ताडून दाखवलं, की ती साइक्सचीच जुनी जात आहे. म्हणजे या मधल्या वर्षांत भीमेत एक मासा कागदावर वाढला आणि कागदावरच नाहीसा झाला. प्रत्यक्षातल्या माशाला याची दाद ना फिर्याद.

म्हणून आजची देखरेख कंटाळवाणी वाटावी इतकी काटेकोर असते. तीच जागा, तेच महिने, जाळ्याची तीच आस, म्हणजे भोकांचा तोच आकार, जाळं पाण्यात राहण्याचा तोच वेळ. सोबत पाण्याचं तापमान आणि विरघळलेला प्राणवायू. मासा हाती आला की अंगावरच्या मधल्या रेषेवरचे खवले मोजायचे, पराच्या काड्या मोजायच्या, डोळ्याचा व्यास घ्यायचा. पराचा चिमूटभर तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि मासा सोडून द्यायचा. अल्कोहोलमध्येच, कारण फॉर्मॅलिननं मासा टिकतो पण डीएनएची वाट लागते. संग्रहालयांतल्या जुन्या बरण्या याच कारणानं बहुतेक मुक्या आहेत.

मासे का गेले याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. खडकवासल्याचं धरण 1879 चं. विसाव्या शतकात लोणावळा-मुळशीकडची टाटांची धरणं आली, मग पानशेत, वरसगाव, पवना, आणि भीमेवर 1980 ला पूर्ण झालेलं उजनी. पाणी भरपूर झालं, वाहणं थांबलं. वाहत्या पाण्यातल्या माशाला तलाव म्हणजे वाळवंटच. तलावात मग गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. 1952 मध्ये देशात आणलेला आफ्रिकेतला तिलापिया कुठेही जगतो आणि वर्षभर पिलं काढतो. अलीकडे घरातल्या टाक्यांतून सुटलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा उजनीच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

चढणीच्या माशांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या दमदार पावसात ओढे लाल होतात तेव्हा मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात. गावंच्या गावं तेव्हा पाण्यात उतरतात. त्या माशांची चव सांगणारे अनेक भेटतील, त्यांच्या पोटातली अंडी मोजणारे थोडे. उलट बाजूनं, महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे, पालघरकडच्या वाडा गावाजवळ तिळसेश्वरापाशी आणि देहूच्या डोहात देवाचे मासे कोणी धरत नाही. एका बाजूला माशाची जत्रा आणि दुसऱ्या बाजूला माशाला अभय. वर्षानुवर्षं न मारलेला मासा कसा वाढतो हे अभ्यासकांना अशाच डोहांत पाहायला मिळतं. अर्थात डोहात वरून विष आलं तर देवाचाही इलाज चालत नाही.

सगळ्या पश्चिम घाटाचा ताळेबंद पहिल्यांदा 2011 मध्ये मांडला गेला. जागतिक निसर्ग संवर्धन संघ आणि कोइमतूरच्या झू आउटरीच ऑर्गनायझेशननं मासे, शंखशिंपले, चतुर आणि पाणवनस्पती मिळून 1,146 जातींची स्थिती तपासली. जवळजवळ 16 टक्के धोक्यात निघाल्या. माशांचं प्रमाण त्याहून बरंच वाईट, 37 टक्के. घाटाला युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला तो पुढच्या वर्षी.

आता महासीर. विसाव्या शतकाच्या मध्याला तो दख्खनच्या नद्यांतून हटू लागल्याचं कुलकर्णींना दिसत होतं. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावापाशी 1970 च्या सुमारास त्यांनी आणि पुढे ओगले यांनी खुदरीची अंडी कृत्रिम रीतीनं फळवून पिलं वाढवायचं तंत्र बसवलं. महासीर एका वेळी सगळी अंडी घालत नाही, थांबून थांबून घालतो. तळाशी पडून राहणाऱ्या त्या अंड्यांना सतत वाहतं पाणी लागतं. हे सगळं जमवून त्यांनी लाखांनी पिलं काढली. अनेक राज्यांनी ती मागून नेली.

त्यातली काही कावेरीत पोचली. तिथे गळ टाकून मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, असा खेळ कर्नाटकातल्या गालिबोरच्या छावणीत चालायचा. कावेरीचा स्वतःचा महासीर पाठीला मदार असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोच्या जवळ जाणारा. छावणीवाले प्रत्येक माशाची नोंद ठेवत. 1998 ते 2012 या काळातले गळ टाकण्याचे 23,620 तास आणि 6,161 महासीर वहीत आले होते. अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या वह्यांचा निकाल मांडला. एकूण महासीर वाढले होते, पण वाढ झाली होती ती निळसर परांच्या पाहुण्यांची. मदारवाला घटत घटत जवळपास दिसेनासा झाला होता. पाहुणा म्हणजे पुण्याचा खुदरी. मदारवाल्या महासीरला नेमकं शास्त्रीय नाव तोवर ठरलेलंही नव्हतं. कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतले नमुने तपासून तो टॉर रेमादेवी असल्याचं 2018 मध्ये नक्की झालं, आणि लगेच तो जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

कुलकर्णी-ओगल्यांना यात दोष देणं मला पटत नाही. ‘महासीर वाचवा’ या घोषणेत महासीर एकच आहे असं त्या काळी बहुतेकांनी धरलं होतं. वह्या 2012 ला संपतात त्याचंही कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. छावणी अभयारण्याच्या हद्दीत होती, तिथला गळाचा खेळ बंद झाला आणि त्याबरोबर नोंदही थांबली.

खुदरी मात्र आज लाल यादीत ‘चिंता नाही’ या रकान्यात आहे. साइक्सला तो जिथे मिळाला होता, त्या मांजरी-थेऊरच्या बाजूला बंधाऱ्यावर उभं राहिलं की फेस दिसतो, जलपर्णी दिसते आणि जाळं टाकणाऱ्याच्या टोपलीत तिलापिया.