संगणकावरची परीक्षा: मुलांना बसवण्याआधी तपासून घ्या
शाळा, उच्च माध्यमिक विद्यालये आणि क्लासचालकांसाठी माहितीपत्रक

उत्तर येत होते, तरी गुण गेला. संगणकावरच्या परीक्षेत असे झाले तर निकालात त्याचा मागमूस राहत नाही, चूक मुलाच्याच नावावर पडते. म्हणून कुठलीही परीक्षा-प्रणाली विकत घेण्यापूर्वी ती मुलांच्या हातात देऊन पाहा. विक्रेत्याने स्वतः चालवून दाखवली, एवढ्यावर भागवू नका.

सोपे प्रश्न, पाच मुले

आठवीच्या मुलांना चौथीचे दहा प्रश्न द्या. उत्तरे त्यांना येतातच, तेव्हा जे चुकेल ते बहुधा पडद्यामुळे. एका वेळी एकच मूल बसवा आणि मनात येईल ते बोलत बोलत सोडवायला सांगा, कोकणीत बोलले तरी चालेल. तुम्ही मागे बसा. माऊसला हात लावू नका, 'इथे दाब' म्हणू नका. हात कुठे थबकला आणि किती सेकंद, तेवढे टिपा.

एका गटातली पाच मुले पाहिली की ठळक अडचणींपैकी बहुतेक वर येतात. फक्त हुशार मुले निवडू नका. घरी संगणक नसलेले, मोबाईलवरच सरावलेले एक तरी हवे. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेली मुले खूप आहेत. सूचना इंग्रजीत असतील तर त्यांचा गट वेगळा तपासा.

हमखास चुकते ते

पर्याय निवडून मूल 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता बाजूच्या चौकटीतल्या पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर जाते. जेईई मेनच्या पडद्यावर असे केल्यास उत्तर नोंदले जात नाही; काही प्रणालींत मात्र ते आपोआप नोंदले जाते. तुमच्या प्रणालीत काय होते ते स्वतः करून पाहा आणि मुलांना तोच सराव द्या. चौकटीतले रंगही पाहा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले असतात, मुलग्यांत जास्त. रंगाबरोबर आकार किंवा खूण नसेल तर कोणते प्रश्न राहिले ते त्यांना कळणार नाही.

उत्तर खाली उघडणाऱ्या यादीतून निवडायचे असेल तर निवडीनंतर माऊसचे चाक फिरवून बघा. काही ब्राउझरमध्ये त्याने निवडच बदलते आणि मुलाच्या ते लक्षातही येत नाही. मराठी प्रश्न जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टातून चिकटवले असतील तर दुसऱ्या यंत्रावर अक्षरांचा कचरा दिसतो. ओळींत अंतर कमी असले की वेलांट्या आणि रफार कापले जातात. 'र्द्ध', 'ज्ञ', 'क्ष' असलेला एक प्रश्न लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर उघडा.

वीज आणि घड्याळ

पावसाळ्यात ही तपासणी टाळू नका. पाचवा प्रश्न चालू असताना एका संगणकाची वायर काढा, दोन मिनिटांनी परत लावा. आधीची उत्तरे जागेवर हवीत आणि उरलेला वेळ सर्व्हरने (परीक्षा चालवणाऱ्या मुख्य संगणकाने) धरलेला हवा. संगणक यूपीएसवर असतात, पण नेटवर्कचा स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) साध्या प्लगवर राहतो. मग वीज जाताच पडदे चालू आणि परीक्षा बंद!

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद ठेवला असेल तर परतल्यावर आधी प्रत्येक संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरचा, संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला असला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळ नाकारतो आणि दोष इंटरनेटच्या माथी जातो.

समाधानाचा आकडा

प्रणाली वापरायला मुलांना किती सोपी वाटली हे आकड्यात मोजायला जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली 'सिस्टीम युजेबिलिटी स्केल' ही प्रश्नावली वापरा: दहा विधाने, प्रत्येकाला १ (मुळीच पटत नाही) ते ५ (पूर्ण पटते). विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करा, सम क्रमांकाचे उत्तर ५ मधून वजा करा, बेरजेला २.५ ने गुणा. बेरीज ३० आली तर गुणांक ७५. हे टक्के नव्हेत. साधारण ६८ ही सरासरी धरतात. पाच जणांवरून हा आकडा काढू नका, पूर्ण तुकडी घ्या. विधाने एक सुलटे, एक उलटे अशी येतात आणि लहान मुले तिथे गोंधळतात, म्हणून सहावीच्या खाली प्रश्नावली न देता तोंडी विचारा.

दुरुस्तीनंतर पुन्हा तपासाल तेव्हा मुले नवी घ्या. आधीच्या पाचांना वाट पाठ झालेली असते.