तीन हजार हर्ट्झचा टेनर

ऑपेरातला टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीत गाणारा गायक, साठ-सत्तर वाद्यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर मायक्रोफोनशिवाय गातो आणि तरीही प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. याचे श्रेय बहुतेक जण त्याच्या रुंद छातीला आणि फुप्फुसांच्या ताकदीला देतात. पण नुसत्या ताकदीचाच सामना असता, तर इतक्या वाद्यांपुढे एकट्या माणसाचा निभाव लागला नसता. खरे कारण स्वरतंतूंच्या लगेच वर असलेल्या, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या एका अरुंद नळीत आहे.

स्वरतंतूंच्या कंपनातून मूळ स्वर निघतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही त्याच वेळी निघतात. यांपैकी कोणते उपस्वर बळकट होतील, हे स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतच्या स्वरमार्गाचा आकार ठरवतो. प्रौढ पुरुषाचा हा मार्ग सुमारे १७ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे अनुनाद, म्हणजे ज्या कंप्रतांना तो स्वतः निनादतो त्या, साधारणपणे ५००, १५००, २५००, ३५०० हर्ट्झच्या आसपास येतात. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की गायकाने स्वरयंत्र खाली ठेवून घसा रुंद केला आणि स्वरयंत्रावरच्या त्या नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ घशाच्या छेदाच्या एक षष्ठांशाहून कमी झाले, तर ती नळी स्वतंत्रपणे निनादू लागते. मग तिसरा, चौथा आणि पाचवा अनुनाद एकमेकांजवळ सरकून ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटतात. यालाच ‘सिंगर्स फॉर्मंट’ म्हणतात.

याचा फायदा दुहेरी आहे. ऑर्केस्ट्राचा सर्वाधिक जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथून वर तो झपाट्याने ओसरत जातो, त्यामुळे ३००० हर्ट्झपाशी गायकाला जवळजवळ मोकळे मैदान मिळते. शिवाय आपल्या कानाची सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी स्वतःच ३००० हर्ट्झच्या आसपास निनादते, म्हणजे कान जिथे सर्वांत तिखट आहे तिथेच हा आवाज पोहोचतो. टेनरचा प्रसिद्ध वरचा ‘सी’, पाश्चात्त्य संगीतातला एक उंच स्वर, ५२३ हर्ट्झचा असतो. त्याच्या सहापट कंप्रतेचा उपस्वर ३१३८ हर्ट्झवर येतो, म्हणजे नेमका या पट्ट्यात.

स्वरयंत्राची हालचाल कोणालाही पडताळून पाहता येते. कंठमण्यावर बोट ठेवून जांभईला सुरुवात करावी, तो खाली उतरतो. जोरात हाक मारावी, तो वर चढतो. टेनरची खरी परीक्षा इथेच असते. ‘आ’ या स्वराचा पहिला अनुनाद सुमारे ७०० हर्ट्झवर असतो. गायक ३५० हर्ट्झच्या वर जाऊ लागला, की मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेचा उपस्वर या अनुनादाला गाठून ओलांडू पाहतो. त्या वेळी स्वरयंत्र वर चढू दिले आणि तोंड फाकले, तर अनुनादही वर सरकतो, उपस्वर त्याच्याखालीच राहतो आणि गाण्याची आरोळी होते. स्वरयंत्र खालीच राखले, तर तोच उपस्वर अनुनादाच्या पलीकडे निघून जातो, ‘आ’ किंचित ‘ओ’कडे झुकतो आणि आवाज, गायकांच्या भाषेत, ‘वळतो’. या संक्रमणाच्या जागेला इटालियन परंपरेत ‘पासाज्यो’ म्हणतात. ते साधण्यासाठी वर्षानुवर्षे तालीम करावी लागते.

हे तंत्र पॅरिसच्या ऑपेरात १८३७ साली गाजले. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरात जिल्बेर द्युप्रे या टेनरने तो वरचा ‘सी’ भरदार, छातीच्या आवाजात लावला. त्याआधीचे टेनर तो हलक्या आवाजात घेत. १८४० साली डिडे आणि पेत्रकँ या फ्रेंच डॉक्टरांनी या गायनात स्वरयंत्र खालीच राहते, अशी नोंद केली. तीच भूमिका १८२९ साली पहिल्यांदा रंगवणारा अडॉल्फ नूरी नवी पद्धत शिकायला इटलीत गेला, पण त्याचे मन खचत गेले आणि १८३९ साली नेपल्समध्ये त्याने जीव दिला.

कच्चे अंडे किंवा मध गिळून आवाज ‘धुतला’ जातो, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवतही नाही. चुकून शिवलाच तर ठसका लागतो. काही आठवड्यांत वरचा ‘सी’ मिळवून देण्याच्या जाहिरातींवरही माझा विश्वास नाही, कारण स्नायूंची इतकी सूक्ष्म सवय घाईने लागत नाही.

वय वाढते तशी स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू हाडासारखी कडक होत जाते आणि स्वरतंतूंची लवचिकता कमी होते. म्हणून भूमिकांची निवड हा टेनरच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय ठरतो, असे मला वाटते. लुचानो पावारोत्ती या टेनरने १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात डोनिझेत्तीच्या ऑपेरातील एकाच गाण्यात नऊ वेळा वरचा ‘सी’ लावून नाव कमावले, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. टेनर म्हणून गाजलेल्या प्लासिदो डोमिंगो याने २००९ साली बर्लिनमध्ये ‘सिमोन बोकानेग्रा’ या ऑपेरातली त्याच नावाची भूमिका स्वीकारली, जी बॅरिटोनसाठी, म्हणजे टेनरहून खालच्या पट्टीच्या पुरुषी आवाजासाठी आहे. आल्फ्रेदो क्राउस या टेनरने मात्र जड भूमिकांचा मोह टाळून आपल्या हलक्या आवाजाला मानवणारेच गाणे निवडले आणि साठी उलटल्यावरही तो ‘वेर्थर’ या ऑपेरातल्या तरुण प्रेमिकाची भूमिका गात होता.