अल्प्राझोलाम

अल्प्राझोलाम हे चिंताविकार आणि तीव्र घबराटीचे झटके यांवर दिले जाणारे बेंझोडायझेपिन या मेंदू शांत करणाऱ्या औषधांच्या गटातील औषध. अपजॉन कंपनीने ते तयार केले. अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि झॅनॅक्स या नावाने ते जगभर पोहोचले.

मेंदूतील गॅबा हे रसायन चेतापेशींना आवर घालते. अल्प्राझोलाम तो आवर बळकट करते. गोळी घेतल्यावर एक-दोन तासांत रक्तातील पातळी शिखर गाठते, आणि साधारण ११ तासांत ती निम्म्यावर येते. त्याच गटातील डायझेपाम याहून बराच काळ शरीरात रेंगाळते.

चिंताविकारात सुरुवात बहुधा ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा अशी होते. दिवसाची कमाल मात्रा ४ मिलिग्रॅम. वृद्धांना कमी देतात, कारण गुंगीत तोल जाऊन हाड मोडण्याची भीती असते. चिंतेवर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्रामसारख्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवरचे कठीण दिवस निभावून नेणे, हीच या गोळीची खरी जागा. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत ती घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. कीटोकोनाझोल हे बुरशीवरचे औषध तिचा निचरा रोखते, म्हणून दोन्ही एकत्र देत नाहीत.

झटपट आराम हा जसा गुण, तसाच धोकाही. अंमल लवकर उतरत असल्याने पुढच्या गोळीची ओढ लागते, आणि रोज घेणाऱ्याच्या शरीराला काही आठवड्यांतच सवय जडू शकते. गोळी एकदम थांबवली तर झोप उडते, हात थरथरतात, घबराट दुपटीने परतते, कधी फिटही येते. रुग्णाला वाटते, जुना आजारच उलटला. तो पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते, आणि हे पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच रुग्णाला सांगायला हवे.

भारतात हे औषध अनुसूची एच-१ मध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि विक्रेत्याने प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवायची. अमली पदार्थविरोधी कायदाही त्याला लागू आहे. तरी तेलंगणात ताडीत त्याची भेसळ होत आली आहे. अशी ताडी अचानक बंद झाली, की गोळीचे नावही न ऐकलेली माणसे भ्रम आणि झटक्यांनी रुग्णालयात दाखल होतात.