मासा विचित्र पोहतोय? आधी त्याचे कल्ले बघा
(खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

क्लाऊनफिश घरी नेला की पहिला फोन बहुधा त्याच रात्री येतो. ‘मासा वरच्या कोपऱ्यात आडवा झालाय, गेला वाटतं.’ बहुतेक वेळा तो झोपलेला असतो. दिवा बंद झाला की क्लाऊन काचेलगत तिरका किंवा आडवा होऊन डुलत झोपतो. सकाळी दिवा लागल्यावर खायला धावला, की काळजी सोडा.

मुळात या माशाची चालच डगमगती. जोडी नेली असेल तर धाकटा मासा थोरल्यासमोर कुशीवर होऊन थरथरताना दिसेल. त्याला फिट आली असं समजून आम्हाला दोनदा रविवारी दुकान उघडायला लावलंय! क्लाऊनफिश आधी नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा मादी होतो. थरथरणारा तिच्यापुढे नमतं घेत असतो, इतकंच. टँकमध्ये पैदास झालेले क्लाऊन कधीकधी हीटरला किंवा पंपाला बिलगून राहतात. ॲनिमोन (ज्याच्या शुंडकांत क्लाऊन राहतो तो समुद्री जीव) नसला तर मिळेल त्या वस्तूला ते घर मानतात.

ब्लू टँग खडकाच्या फटीत आडवा पडून राहतो, रॉयल ग्रामा कपारीखाली चक्क उलटा पोहतो. काठीने ढोसू नका.

मग घाबरायचं कधी?

मासा रुळला, नीट खाऊ लागला, की एखाद्या शांत वेळी त्याचे कल्ले मिनिटात किती वेळा हलतात ते मोजा आणि या पत्रकाच्या मागे लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर पुन्हा मोजा. पोहणं विचित्र पण आकडा तोच आणि भूकही तशीच, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. आकडा बराच वाढला असेल तर थांबू नका.

सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे मासा वेव्हमेकरच्या (पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाच्या) झोतासमोर तोंड करून तासन्‌तास उभा राहतो, खात नाही, उजेड टाळतो. हा व्हेल्वेट नावाचा परजीवी रोग असू शकतो. अंगावर सोनेरी भुकटी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. दोन-तीन दिवसांत मासे जातात. अंगावर जाड बुळबुळीत थर आणि पृष्ठभागाशी धापा, असं नव्या क्लाऊनमध्ये दिसलं तर ब्रुकलिनेला या दुसऱ्या परजीवीची शंका घ्यावी. व्हेल्वेटला तांब्याचं औषध चालतं, ब्रुकलिनेलाला त्याचा उपयोग नाही. म्हणून अंदाजाने बाटली ओतू नका. मुख्य टँकमध्ये तर तांबं कधीच नको: कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरेल आणि खडक ते शोषून बसतील. उपचार वेगळ्या टँकमध्येच.

मासा अचानक सुसाट धावतो, गिरक्या घेतो, काचेवर आपटतो? आधी घरच्यांना विचारा, डासांचा स्प्रे मारला का, पेस्ट कंट्रोल झालं का. त्यातली पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. खिडक्या उघडा, फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (विष शोषणारा कोळसा) टाका आणि तयार खारं पाणी असेल तर मोठा हिस्सा बदला.

सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ऑक्सिजन कमी आहे. वीज गेल्यावर आणि मे महिन्यात हे हमखास होतं, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावाच. नसेल तर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहा, हात दुखेपर्यंत.

आणि मीठ. पाणी आटतं, मीठ आटत नाही. रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरा, खाऱ्या नव्हे. विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश, अमोनिया शून्य. चौपाटीवरून पाणी आणू का, असं पावसाळ्यात तर विचारूच नका. गोड्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं आणि गटारंही त्यातच येतात.

फोन करण्याआधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, दिवा लावून, कल्ले दिसतील असा. येताना अर्धा लिटर पाणी आणा, साबण न लावता धुतलेल्या बाटलीत, काठोकाठ भरून. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.